एव्हरेस्ट बेस कॅम्प: पॅकेज बघताना आधी रात्री मोजा

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलंय. त्या, त्यांचे यजमान, सोळा वर्षांचा मुलगा, दीर-जाऊ आणि त्रेसष्ट वर्षांच्या सासूबाई अशा सहा जणांना दिवाळीच्या सुट्टीत एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचंय. आजवरचा अनुभव म्हणजे राजगड, हरिश्चंद्रगड आणि दोनदा कळसूबाई. हातात दोन कोटेशनं आहेत, दोन्ही काठमांडू ते काठमांडू. एक ११ दिवसांचं, दुसरं १४ दिवसांचं, आणि दुसरं माणशी १९,००० रुपयांनी महाग. त्या विचारतात, "गावं तीच, लॉज तसेच, गाईड दोन्हींत आहे. मग जास्तीचे पैसे कशाचे? आणि सासूबाईंना झेपेल का?"

जास्तीचे पैसे तीन रात्रींचे आहेत. कुठल्या तीन, ते आधी बघू.

कोटेशनमधले फोटो आणि 'डे सेव्हन: ट्रेक टू...' हे सगळं बाजूला ठेवा. एका कागदावर फक्त मुक्कामाचं गाव आणि त्याची उंची लिहा. ११ दिवसांचं पॅकेज असं दिसेल: लुक्लाच्या विमानतळावर उतरून फाकडिंग २,६१० मीटर, मग नामचे बाजार ३,४४०, दुसरी रात्रही नामचेत, मग तेंगबोचे ३,८६०, दिंगबोचे ४,४१०, लोबुचे ४,९१० आणि गोरकशेप ५,१६०. गोरकशेपलाच सामान टाकून त्याच दुपारी बेस कॅम्प, म्हणजे ५,३६४ मीटर, बघून यायचं. पुढच्या दिवसापासून उतार. नामचे सोडल्यापासून चार रात्रींत झोपायची जागा १,७२० मीटर वर गेली आणि मध्ये एकही विश्रांतीचा दिवस नाही.

विरळ हवेच्या आजाराबद्दल डॉक्टर मंडळींचा साधारण नियम असा आहे की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर आणखी काढावी. दिवसा कितीही वर चढा, रात्री कुठे झोपता ते महत्त्वाचं. आता कागद परत बघा. तेंगबोचे ते दिंगबोचे ५५० मीटर आणि लगेच दुसऱ्या दिवशी लोबुचे, आणखी ५००. इथे नियम मोडलाय, आणि मोडलाय तो नेमका जिथे मोडायला नको तिथे.

१४ दिवसांच्या पॅकेजमध्ये दिंगबोचेला दोन रात्री आहेत, दिंगबोचे आणि लोबुचेच्या मध्ये थुकलाला (४,६२० मीटर) एक रात्र आहे, आणि शेवटी लुक्लाचं विमान चुकलं तर म्हणून एक राखीव दिवस. झाले तीन. १९,००० मध्ये हे मिळतं. मी तुमच्या जागी असते तर लॉजमधली गरम पाण्याची अंघोळ सोडली असती, वायफाय सोडलं असतं, पण या तीन रात्रींवर घासाघीस केली नसती. थुकलाची रात्र तर फार कमी कंपन्या देतात, कारण दिंगबोचेहून ते अंतर दोन-तीन तासांचं आहे आणि गिऱ्हाईक म्हणतं, "एवढ्याशा चालण्यासाठी एक आख्खा दिवस?" ज्या कंपनीने तुम्हाला न मागता ती दिलीय, तिच्याशी बोलायला हरकत नाही.

राखीव दिवसाचं महत्त्व मला माझ्याच चुकीतून कळलं, म्हणून ती सांगते.

काही वर्षांपूर्वी आमचा बारा जणांचा गट होता. लुक्लाला ढग, त्यामुळे जातानाच दोन दिवस विमानतळावर बसून गेले. परतीची तिकिटं ठरलेली, ऑफिसच्या रजा मोजलेल्या, आणि राखीव दिवस मी ठेवलाच नव्हता. मग मी दिंगबोचेची दुसरी रात्र कापली. गटात पुण्याचा एकोणतीस वर्षांचा एक मुलगा होता, मॅरेथॉन धावणारा, सिंहगड चाळीस मिनिटांच्या आत चढणारा. रोज सगळ्यांच्या पुढे. दिंगबोचेला सकाळी नाश्त्याच्या टेबलावर मी सगळ्यांना विचारलं, "कसं वाटतंय, सगळे ठीक?" सगळे म्हणाले ठीक. तोही म्हणाला. त्याचं डोकं आदल्या रात्रीपासून ठणकत होतं आणि तो गुपचूप गोळ्या घेत होता, हे नंतर कळलं.

लोबुचेला रात्री जेवताना त्याने चमचा दोनदा ताटाच्या बाहेर ठेवला. बाकीचे हसले, तोही हसला. मी त्याला उठवलं आणि जेवणघराच्या फळ्यांच्या फटीवरून चालायला सांगितलं, एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या बोटांना लावून, सरळ रेषेत. तिसऱ्या पावलाला त्याचा तोल गेला आणि शेजारची खुर्ची धरली म्हणून तो पडला नाही. रात्रीचे साडेआठ वाजले होते. मेंदूला सूज यायला लागली की असं होतं, आणि मग सकाळची वाट बघायची नसते. सहायक गाईड आणि दोन पोर्टर त्याला घेऊन हेडलॅम्पच्या उजेडात फेरिचेला उतरले, पाचशेहून जास्त मीटर खाली. फेरिचेला हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, ट्रेकिंगच्या मोसमात तिथे डॉक्टर असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फेरिचेत लापशी खात होता आणि रात्रीचं जेवण कुठे झालं ते त्याला आठवत नव्हतं.

त्या दिवसापासून मी सगळ्यांना एकत्र कधीच विचारत नाही. सकाळी प्रत्येकाच्या खोलीच्या दारात जाऊन वेगळं विचारते: झोप लागली का, डोकं दुखतंय का, भूक आहे का, रात्री लघवीला उठलात का. चारचौघांत "मला होत नाहीये" म्हणणं आपल्याकडे जड जातं, आणि पुरुषांना जास्तच.

आता त्या प्रसंगात जमेची बाजू एकच होती: खाली न्यायला माणूस होता. म्हणून कंपनीला फोन कराल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा: "लोबुचेला आमच्यातलं एक जण आजारी पडलं तर त्याच्याबरोबर खाली कोण जाणार, आणि उरलेल्या पाच जणांबरोबर कोण राहणार?" सहा जणांना एकच गाईड असेल तर याचं उत्तर त्यांच्याकडे नसतं. तेव्हा ते म्हणतात, "काळजी करू नका मॅडम, आमच्या गटात आजवर कुणाला काही झालेलं नाही." हे उत्तर आलं की तो फोन संपला समजा. तुमच्या सहा जणांना एक गाईड, एक सहायक गाईड आणि तीन पोर्टर हवेत. सहायक गाईडचा खर्च सहा जणांत वाटला की माणशी फारसा पडत नाही.

दुसरा प्रश्न: परत फिरायचा निर्णय कुणाचा? गाईडचा, आणि त्यावर अपील नाही, असं लेखी घ्या. आपली माणसं गाईडला पटवण्यात पटाईत असतात. "अहो, इतक्या लांब आलो, आता दोन तासांचंच तर आहे." नेपाळी गाईड स्वभावाने मवाळ असतो, शेवटी टिप तुमच्याच हातून मिळणार असते, तो मान डोलावतो. निघण्याआधीच घरातल्या सगळ्यांनी त्याच्यासमोर बसून हे बोलून टाका, अगदी सासूबाईंसकट. गाईड हिंदी बोलतो ना, तेही विचारा; बहुतेक बोलतात, पण आजारपणाच्या वेळी तुमच्या मुलाचं इंग्रजी आणि त्याचं इंग्रजी यांच्यामध्ये सासूबाईंचं पोटदुखणं हरवायला नको.

गाईड कायद्याने लागतो का, असंही तुम्ही विचारलंय. नेपाळ सरकारने १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना गाईड सक्तीचा केला, पण खुंबूतल्या, म्हणजे एव्हरेस्टच्या भागातल्या, स्थानिक पालिकेने आपल्या भागात ते लागू करत नाही अशी भूमिका घेतली. त्यामुळे या वाटेवर एकटे चालणारे लोक आजही दिसतात. तुमच्या बाबतीत हा मुद्दाच नाही. सहा जण, त्यात एक साठीपुढच्या आणि एक सोळा वर्षांचा; गाईड घ्याच.

पुण्या-मुंबईच्या संस्थेबरोबर जावं की थेट काठमांडूच्या एजन्सीशी बोलावं, यावर दोन्हीकडची माणसं तावातावाने भांडतात. मराठी संस्थांपैकी बहुतेक जण पुढे काठमांडूच्याच एखाद्या एजन्सीला काम देतात आणि सोबत आपला एक लीडर पाठवतात. लीडर मराठी, गाईड नेपाळी. पहिल्यांदा जाणाऱ्या कुटुंबाला हे सोयीचं असतं. पण गटात तुमच्याशिवाय आणखी चौदा अनोळखी माणसं असतील तर वेळापत्रक त्या सगळ्यांचं होतं. सासूबाई बरोबर असताना मी स्वतंत्र गट करण्याच्या बाजूने आहे. सहा जणांत तो परवडतो.

आता सासूबाई. मला त्यांची काळजी तुमच्या मुलापेक्षा कमी वाटते. विरळ हवा वय बघत नाही. सोळाचा मुलगा आणि त्रेसष्टच्या आजी दोघांनाही सारखीच गाठू शकते. फरक चालीत असतो. साठीच्या बायका हळू चालतात, दर वळणावर थांबतात, भात मागून घेतात, रात्री नऊला झोपतात. नेपाळी गाईड दिवसभर 'बिस्तारै, बिस्तारै' म्हणत असतो, म्हणजे सावकाश. त्यांना ते सांगावंच लागत नाही. मुलगा मात्र आजीच्या पुढे पळणार, झुलत्या पुलावर जाऊन व्हिडिओ काढणार, नामचेच्या चढाला घामाघूम होणार. त्याला पहिल्या दिवसापासून आजीच्या मागे चालायचं काम द्या. आजीची पाण्याची बाटली त्याच्याकडे. हे मी गमतीत म्हणत नाहीये.

पण सासूबाईंची वैद्यकीय तपासणी आधी, विमानाची तिकिटं नंतर. रक्तदाब, हृदय, साखर, हिमोग्लोबिन, आणि शक्य असेल तर ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती तिथे कशी घ्यायची ते त्यांच्याच डॉक्टरांना विचारा. डायमॉक्स म्हणजे अ‍ॅसिटाझोलामाइड बरेच ट्रेकर प्रतिबंधक म्हणून घेतात, साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाई सुरू व्हायच्या आदल्या दिवसापासून. या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि लघवीला वारंवार जावं लागतं. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. मुलाचा डोसही डॉक्टरच ठरवतील. आणि ही गोळी घेतली म्हणून ११ दिवसांचं पॅकेज चालेल, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर जरूर न्या, पण त्याच्या आकड्याशी खेळ मांडू नका. लोबुचेला कुणाचा ८२ असतो, कुणाचा ७६, आणि दोघंही मजेत पत्ते खेळत असतात. माझ्या एका गटात संध्याकाळी आकड्यांची स्पर्धा सुरू झाली आणि कमी आकडेवाल्या काकू घाबरून रात्रभर झोपल्या नाहीत. जेवण जातंय का, सरळ चालता येतंय का, बसल्या जागी दम लागतोय का, हे बघा. बसल्या जागी धाप आणि खोकला असेल तर फुप्फुसांत पाणी होत असू शकतं, तेव्हाही खाली उतरणं हाच उपाय.

सराव सह्याद्रीत होतो, पण काय होतो ते समजून घ्या. कळसूबाई १,६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, आणि लुक्लाचा विमानतळच २,८०० च्या वर आहे. उंचीचा सराव आपल्याकडे होऊच शकत नाही. होतो तो गुडघ्यांचा आणि लागोपाठच्या दिवसांचा. म्हणून एका रविवारी दमून सोमवारी सुट्टी, असं न करता शनिवारी एक आणि रविवारी दुसरा डोंगर करा, पाठीवर पाच-सहा किलो घेऊन. तुम्ही ठाण्याचे, तर येऊर जवळ आहे, माहुली आहे, भंडारदऱ्याला मुक्काम करून कळसूबाई आणि दुसऱ्या दिवशी रतनगड आहे. सासूबाईंसाठी रोज तासभर चालणं आणि इमारतीचे जिने, उतरतानासुद्धा पायीच; लिफ्ट दोन्ही वेळा बंद. बेस कॅम्पचं जाऊन-येऊन अंतर साधारण १३० किलोमीटर आहे आणि परतीचे तीन दिवस गुडघ्यांवर येतात. दोन काठ्या त्यांना आतापासून हातात द्या, नाहीतर तिथे गेल्यावर त्या नुसत्या फोटोपुरत्या राहतात. बूट निघायच्या दोन महिने आधी घ्या आणि ते घालून निदान आठ-दहा डोंगर झालेले असू द्या. बाकी कपड्यांची यादी कुठलीही कंपनी देते. जाड डाउन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग काठमांडूला ठमेलमध्ये भाड्याने मिळतात, एका ट्रिपसाठी विकत घेऊ नका.

तारखांकडे नीट बघा. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे हे दोन मोसम. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यात आली तर पाऊस नुकताच मागे हटलेला असतो आणि वाटेवर सगळ्यात जास्त गर्दी. नोव्हेंबरात आली तर हवा स्वच्छ पण थंडी कडक, गोरकशेपला रात्री बाहेर उणे दहाच्या खाली सहज जातं. शिवाय आपली दिवाळी तीच त्यांची तिहार, आणि त्याआधी दसऱ्याच्या सुमाराला त्यांचा दशैं, नेपाळातला सगळ्यात मोठा सण. गाईड-पोर्टरांची घरी जायची ओढ तेव्हा असते, बस तुडुंब असतात. भाऊबीजेला त्यांच्याकडे भाईटीका. एका वर्षी आमच्या गाईडला त्या दिवशी नामचेत बहिणीचा व्हिडिओ कॉल आला आणि पडद्यावरच्या बहिणीने हवेतल्या हवेत टिळा लावला. आमच्या गटातल्या एका काकूंनी मग पोहे करायच्या तयारीने आणलेली हळद काढली आणि त्याच्या कपाळाला लावली. तो आधी लाजला, मग त्याने सगळ्यांना लेमन टी पाजला. तुम्ही सणात जात असाल तर बुकिंग करतानाच विचारा की गाईड कोण असेल आणि तो सणात खरंच काम करणार आहे ना.

मुलाच्या शाळेची सुट्टी दोन-अडीच आठवडे धरली तर १४ दिवस, काठमांडूत एक दिवस, जाण्यायेण्याचे दोन, असे सतरा होतात. बसतं, पण काठोकाठ. एखादा दिवस शाळेकडून मागून घ्या. त्यासाठी दिंगबोचेची रात्र कापू नका. मी ते करून बसलेय.

लुक्लाच्या विमानाचं प्रकरण वेगळंच. धावपट्टी ५२७ मीटर लांब, तीही चांगली बारा टक्के चढाची, एका टोकाला डोंगराची भिंत आणि दुसऱ्या टोकाला दरी. पायलट बघून उतरवतो, त्यामुळे ढग आले की विमानं बंद. गर्दीच्या मोसमात बरीचशी उड्डाणं काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून होतात. म्हणजे मध्यरात्री एक-दीड वाजता हॉटेल सोडायचं, चार-पाच तास वळणावळणाचा रस्ता, आणि पहाटे विमानतळाच्या बाहेर चहा पीत रांगेत. कोटेशनमध्ये 'काठमांडू-लुक्ला विमान' लिहिलंय की 'मंथली-लुक्ला', हे विचारून घ्या. आणि मंथली असेल तर ती गाडी पॅकेजमध्ये आहे का, हेही. सासूबाईंना गाडी लागत असेल तर त्या रात्री हलकं जेवण. विमान दोन दिवस उडालंच नाही तर हेलिकॉप्टरने जायचे पैसे कुणी भरायचे, हा वाद तिथे न घालता ठाण्यात घाला. रस्त्याने जाण्याचाही पर्याय आहे, सल्लेरीपर्यंत आणि त्याच्याही पुढे जीप जाते, पण तुमच्या दिवसांत तो बसत नाही.

कागदपत्रांचं एक: भारतीयांना नेपाळला व्हिसा नको, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. आधार कार्डावर १५ ते ६५ वयाच्या माणसांना जाता येत नाही. विमानतळावर अडकलेली माणसं मी पाहिली आहेत. तुमच्या मुलाकडे मतदार ओळखपत्र असणारच नाही, तेव्हा त्याचा पासपोर्ट आत्ताच काढा. सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाच्या परवान्याला सार्क देशांच्या नागरिकांना सवलतीचा दर आहे. कोटेशनमध्ये परदेशी दर लावलेला असेल तर विचारा. पैशांचा दर पक्का आहे, शंभर भारतीय रुपयांचे एकशे साठ नेपाळी. नामचेच्या पुढे रोख नेपाळी रुपयांवरच भिस्त ठेवा.

विमा काढताना पॉलिसीतली बारीक अक्षरं वाचा. 'परदेश प्रवास विमा' या नावाखाली जे विकलं जातं त्यातल्या पुष्कळ पॉलिसींत ट्रेकिंग वगळलेलं असतं किंवा एका उंचीच्या वर चालत नाही. तुम्हाला किमान ६,००० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग आणि हेलिकॉप्टरने सुटका, असं दोन्ही स्पष्ट लिहिलेलं हवं. हेलिकॉप्टरची दुसरी बाजूही आहे. किरकोळ डोकेदुखीला घाबरवून हेलिकॉप्टर बोलवायचं आणि विमा कंपनीकडून फुगवलेलं बिल घ्यायचं, असा धंदा तिथे चालला होता. २०१८ मध्ये खुद्द नेपाळ सरकारने त्याची चौकशी केली. म्हणून हेलिकॉप्टर लागलंच तर विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर आधी तुम्ही स्वतः बोला, एजन्सीवर सोडू नका. अर्थात माणूस बेशुद्ध असेल तर आधी माणूस, फोन नंतर.

पोर्टरबद्दल मी जरा कडवट आहे. दोघांत एक पोर्टर म्हणजे तुमची प्रत्येकाची बॅग दहा-बारा किलोंच्या आत हवी. लुक्लाच्या विमानातही हातातलं धरून साधारण पंधरा किलोच चालतं. आपले लोक दोघांच्या मिळून तीस-पस्तीस किलो भरतात, त्यात केसांचा ड्रायर असतो, आणि एकोणीस-वीस वर्षांचा पोरगा ते कपाळावरच्या पट्ट्याने ओढत नामचेचा चढ चढतो. कंपनीला विचारा: पोर्टरचा विमा आहे का, त्याला जॅकेट-बूट कोण देतं, तो रात्री कुठे झोपतो. उत्तर गोलमाल आलं तर बाकीची उत्तरंही तशीच असतील असं धरून चाला. टिप लुक्लाला शेवटच्या रात्री, प्रत्येकाच्या हातात वेगळी द्या. सगळी एकाच्या हाती दिली की खालपर्यंत पोचेलच असं नाही. रक्कम घरून निघतानाच ठरवून वेगळ्या पाकिटात ठेवा, कारण शेवटी हातातले पैसे संपलेले असतात.

खाण्याचं फार टेन्शन नको. दाल-भात सगळीकडे मिळतो आणि पुन्हा पुन्हा वाढतात. नामचेच्या वर मांसाहार टाळा. त्या खोऱ्यात शेर्पा जनावर मारत नाहीत, मटण-चिकन खालून पाठीवर येतं, किती दिवसांचं ते कुणाला ठाऊक. ४,५०० मीटरच्या वर भूक मेलेली असते, आणि तिथे आपलं घरचं कामाला येतं. लोबुचेच्या जेवणघरात मधोमध शेगडी असते, तिच्यात याकच्या शेणाच्या गोवऱ्या जळतात, आणि सगळे तिच्याभोवती मोजे वाळवत बसलेले असतात. अशा वेळी साध्या गरम भातावर मेतकूट आणि तुपाची पुडी सोडली की दोन दिवस न जेवलेला माणूस जेवतो. मेतकूट, लसणाची चटणी, शेंगदाण्याची चिक्की, लिंबाचं लोणचं, एवढं पुरे. सहा जणांत मिळून दीड किलोच्या वर नको. सासूबाई चतुर्थी-एकादशी करत असतील तर देवाला आधीच सांगून ठेवा. त्या उंचीवर उपवास म्हणजे आजाराला आमंत्रण, आणि साबुदाणा तर मिळतच नाही. पाणी दिवसाला तीन लिटर, शुद्धीकरणाच्या गोळ्या बरोबर.

वाटेवर याक किंवा जोप्क्यांचा (याक आणि गाईच्या संकराची जनावरं) तांडा आला की डोंगराच्या बाजूला उभं राहायचं, दरीच्या बाजूला कधीच नाही. झुलत्या पुलावर ते असतील तर अलीकडेच थांबायचं. हे मुलाला दोनदा सांगा.

एक गोष्ट आत्ताच सांगते म्हणजे तिथे हिरमोड होणार नाही. बेस कॅम्पवरून एव्हरेस्ट दिसत नाही. समोरच्या कड्यांमागे तो झाकला जातो. आणि तंबूंची ती रंगीबेरंगी वसाहत वसंतात असते, शिखर चढणाऱ्यांच्या मोसमात. दिवाळीत तिथे दगड, बर्फ आणि पताका. एव्हरेस्ट नीट दिसतो तो गोरकशेपच्या वरच्या काला पत्थर या टेकडीवरून, साधारण ५,५५० मीटर, आणि त्याआधी नामचेच्या विश्रांतीच्या दिवशी ३,८८० मीटरवरच्या एव्हरेस्ट व्ह्यू हॉटेलच्या गच्चीवरून. त्यामुळे सासूबाईंबद्दल माझं ठाम मत असं: त्यांचा कार्यक्रम बेस कॅम्पपर्यंत आखा, पण दिंगबोचेला दुसऱ्या रात्री बसून पुन्हा ठरवा. तिथून त्यांना वर जावंसं वाटलं नाही तर सहायक गाईडबरोबर त्या पांगबोचेला उतरतील, तिथला जुना गोंपा, म्हणजे बौद्ध मठ, बघतील, आणि तुम्ही चार दिवसांनी त्यांना नामचेत भेटाल. त्यांनी तोवर एव्हरेस्ट पाहिलेला असेल. माझ्या गटांत असं उतरलेल्या दोन आजी पुढच्या वर्षी पुन्हा आल्या. त्यातली एक पोचली, दुसरी परत पांगबोचेलाच राहिली, कारण तिला लॉजच्या मालकीणबाईंची मोमो करायची पद्धत शिकायची होती.

१४ दिवसांचंच घ्या. आणि लुक्लाला जाताना सासूबाईंना विमानात डावीकडची खिडकी द्या, हिमालय त्या बाजूला असतो. येताना उजवीकडची. विमानात सीट नंबर नसतात, तेव्हा मुलाला रांगेत पुढे उभं करा.